कानबाईसाठी प्लास्टिकचा टब

तुमच्या गावच्या नदीचा काठ कुठे संपतो, हे ठरवायचा अधिकार तुम्ही कुणाला दिला आहे? धुळ्यातल्या आमच्या देवपुरात तो आमच्या प्रभागाच्या नगरसेवकांना, म्हणजे भाऊंना, होता. निदान त्यांची तशी समजूत होती, आणि भाऊंची समजूत म्हणजे आमच्या गल्लीत कायदाच.

गेल्या उन्हाळ्यात भाऊ कुठल्याशा संस्थेच्या अभ्यास दौऱ्यावर कोकणात गेले. विषय होता किनारा संरक्षण. धुळ्याहून समुद्र किती लांब, असलं विचारायचं नसतं. परतताना त्यांनी सुकट आणली आणि पर्यावरणप्रेम आणलं. सुकट घरी गेली, प्रेम नदीवरच्या पुलाच्या कठड्यावर टांगलं गेलं. फलकावर भाऊ लाटांकडे बघत उभे, हातात कचऱ्यातून उचललेली बाटली, खाली मजकूर: ‘किनारा वाचला तर देश वाचला.’ त्याच आठवड्यात, त्याच पुलाखाली, त्यांचे ट्रॅक्टर पांझरा नदीच्या काठावर राडारोडा ओतू लागले.

आमची गल्ली तिथूनच नदीकडे उतरते. शेवटचं घर माझ्या मोठ्या काकूचं. सगळी गल्ली तिला अक्का म्हणते. पूर आला की पाणी तिच्या घराखालच्या मोकळ्या काठावर पसरतं, तिथेच दमतं आणि मागे फिरतं. काठ बुजवला की तेच पाणी अक्काच्या स्वयंपाकघरात येणार. हे कळायला कोकणात जावं लागत नाही.

माझे वडील कामगारांची पत्रकं लिहायचे. मी अक्षरं गिरवली ती उरलेल्या पत्रकांच्या कोऱ्या पाठीवर. तेव्हा गप्प बसण्याचा संस्कार माझ्यावर झालेला नाही. मी भाऊंच्या संपर्क कार्यालयात गेले.

“भाऊ, नदीत भराव का टाकताय?”

“नदीत नाही ताई, नदीशेजारी.”

“ती जागा निळ्या पूररेषेच्या आत आहे. तिथे बांधकाम चालत नाही.”

“बांधकाम कुठंय? लॉन करतोय. गवत! आम्ही हिरवळ लावायची आणि पर्यावरणवाल्यांनी ओरडायचं?”

“त्या गवतावर लग्नं लागणार ना?”

“मग काय बकऱ्या बांधू?” कार्यालय खदखदून हसलं. भाऊ खुर्चीत मागे रेलले. “आणि रेषेचं काय एवढं? माणसानं आखली, माणूस सरकवेल. अर्ज गेलाय वर.”

मग चहा आला. भाऊ प्रेमळ आवाजात म्हणाले, “तुमचं लिहिणं झकास असतं. आमचं ‘नदी वाचवा’चं पत्रक तुम्हीच लिहा की.”

चहा मी प्यायले. पत्रक लिहिलं नाही.

श्रावणात कानबाई, आमची खानदेशची देवी, घरोघरी आली. रविवारी चौरंगावर नारळाच्या रूपात तिची स्थापना झाली, रोटाच्या नैवेद्याचं जेवण झालं आणि सोमवारी बायका तो चौरंग डोक्यावर घेऊन, गाणी म्हणत नदीवर निघाल्या. पुलाखाली पोहोचतो तो काय! भरावाच्या ढिगावर हिरवी जाळी अंथरलेली, आणि ढिगासमोर झेंडूच्या माळा घातलेला, गुडघाभर पाण्याचा प्लास्टिकचा टब. बाजूला पाटी: ‘नदीचे प्रदूषण टाळा. कानबाईचे विसर्जन येथेच करा.’ पाटीशेजारी भाऊ, भाऊंशेजारी फोटोग्राफर.

अक्का सगळ्यात पुढे होती. ती थांबली.

“काय शे रे भाऊ हाई?”

“टब शे अक्का. नदीले तरास नको म्हनीसन.”

“आमना एक नारय पडना ते नदीले तरास व्हस, आन तुना बठ्ठा ट्रॅक्टर रिकामा व्हयनात ते नदी नाची राह्यनी का?”

बायका अशा हसल्या की गाणं तुटलं. भाऊही हसले. फोटोग्राफर समोर असताना त्यांना दुसरा इलाज नव्हता.

अक्कानं पदर खोचला, डोक्यावरचा चौरंग सावरला आणि त्या विटा-सिमेंटच्या ढिगावर चढायला लागली.

“अक्का, पडशी!”

“पडसू ते तुनाच लॉनवर पडसू!”

तिच्यामागे सगळ्याजणी चढल्या. कुणाची चप्पल जाळीत अडकली, कुणाचा पाय मुरगळला, पण कानबाई वाहत्या पाण्यात गेली आणि टबात फक्त झेंडू तरंगत राहिला. मला वाटलं, जिंकलो.

दोन-चार दिवसांतच पुलावर नवा फलक लागला. ‘महिला भाविकांना नदीपर्यंत जाताना झालेल्या त्रासाची दखल घेऊन काठाचे सपाटीकरण व कानबाई मार्ग. लोकांच्या मागणीवरून!’ वर मोठ्ठा फोटो: चौरंग डोक्यावर घेऊन ढिगावर चढणारी अक्का. राडारोडा भाऊंनी टाकला, त्याचा त्रास बायकांना झाला, म्हणून आता आणखी राडारोडा. एवढं साधं गणित, आणि मला आधी सुचलं नव्हतं.

अक्का फलकाखाली उभी राहून बराच वेळ वर बघत होती.

“मी कव्हय मांगं व्हतं?” एवढंच म्हणाली.

तीच ‘मागणी’ जोडून पूररेषा सरकवायचा प्रस्ताव पुढे गेला. हरकती मागवणारी जाहीर सूचनाही निघाली. ती इतकी जाहीर होती की महापालिकेच्या कार्यालयात जिन्याखाली, दुचाकींच्या मागे सापडली. अक्कानं सांगितलं तसं मी लिहून घेतलं: फोटोत मीच आहे. मी रस्ता मागितलेला नाही. माझ्या घराखालचा काठ जसा होता तसा उकरून मोकळा करा. खाली तिनं सही केली आणि स्वतः महापालिकेच्या खिडकीवर जाऊन अर्ज दिला. खिडकीमागचे साहेब म्हणाले, “आजी, ही तुमची एकटीची तक्रार झाली. जनतेची मागणी वेगळी आहे.”

हरकतींची मुदत अजून संपलेली नाही. म्हणून पांझरेच्या काठी राहणाऱ्या माझ्या वाचकांनो, हे वाचून ‘छान लिहिलंय’ असा निरोप मला पाठवू नका. एक कोरा कागद घ्या. तुमच्या घरात पुराचं पाणी कुठवर आलं होतं, ते तुमच्या बोलीत, तुमच्या अक्षरात लिहा. रेषा हलवायला आमची हरकत आहे, हे वाक्य त्यात ठळक असू द्या. शेजारणीलाही लिहायला लावा. मग तो कागद स्वतः त्या खिडकीवर द्या आणि शिक्का मारलेली पोच हातात पडेपर्यंत तिथून हलू नका.