कुठल्या दुधासारखा?

दवाखान्याची भिंत मी बिघडवली. ब्रशला हातही न लावता, निव्वळ तोंडाने.

आमचा मामा एकतीस वर्षं रंगाच्या दुकानात रंग कालवायचा. गिऱ्हाईक भिंतीचा पोपडा घेऊन यायचं आणि मामा थेंब थेंब घालून डबाभर तस्साच रंग करून द्यायचा. पुढे त्याच्या डोळ्यांतले रंगच विझत गेले. हे मला माहीत होतं, मालकाला नव्हतं. मग पोपडा मी बघायचो आणि मामाच्या कानाशी पुटपुटायचो.

"पिवळट आहे."

"पिवळट तर तुझे दातही आहेत. कशासारखा ते सांग."

"वहीच्या पानासारखा."

"नव्या की गेल्या वर्षीच्या? अरे, चंद्रासारखं तोंड म्हणताना कोणी त्यावरचे खड्डे मोजत नाही. त्यातलं नेमकं काय उचलायचं, ते कळलं तरच माझा हात चालेल."

शाळेत उपमा अलंकारात मला पैकीच्या पैकी होते. इथे त्यातली एकही कामाला आली नाही.

त्या दिवशी डॉक्टरांच्या अर्ध्या रंगवलेल्या भिंतीचा पोपडा आला. माझं लक्ष समोरच्या चहाकडे. "दुधासारखा," म्हणालो.

"कुठल्या दुधासारखा?"

"दूध म्हणजे दूध, मामा!"

माझ्या मनात पाणी घातलेलं होतं, त्याच्या मनात सायीचं. त्याने पिवळ्याचे सात थेंब सोडले.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर दारात. "अर्ध्या भिंतीला कावीळ झालीय!"

मालकाने जुना पोपडा आणि नव्या रंगाचा कागद शेजारी शेजारी ठेवला. "यात पिवळा कुठला, सांग."

मामाने माझ्याकडे मान वळवली. 'कागद' एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं. पण मालक माझ्याकडेच बघत होता. मामाने पोपड्यावर बोट ठेवलं.

मालक ओरडला असता तर बरं झालं असतं. तो हळूच म्हणाला, "घरी जा आता. खूप केलंस."

हल्ली मामा खिडकीशी बसून असतो. उरलीसुरली नजरही जाणार, असं डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलंय. काल मामी समोर भाजी निवडत होती. ती आत गेल्यावर त्याने विचारलं, "हिचा चेहरा आता कसा झालाय रे? मला नुसता डाग दिसतो. आणि दुधासारखा म्हणालास तर मार खाशील."

सुचलं बरंच. त्याच्या हातात ठेवावं असं त्यात काही नव्हतं.

"नीट बघून सांगतो," म्हटलं.

अजून सांगितलेलं नाही.