सावकाश वर येण्याची कृपा करावी

शिगेनो उएमात्सु ही बाई उद्धट आहे, असं ज्या पाहुण्यानं इंटरनेटवर लिहिलं, तो मला एकदा भेटायला हवा. समोर बसवून मी त्याला एवढंच विचारीन, बाबा रे, घरी जिवंत पोचलास ना? मग तोंड कशाला वाजवतोस? पण तो भेटणार नाही, आणि भेटला तरी मी कमरेत वाकून त्याची माफीच मागेन. आमच्या हाडामांसात तेच भिनलंय. आमच्या म्हणजे माझ्या. शिगेनोच्या नाही.

मी नोबुहारू. निनोसेच्या घळीच्या तोंडाशी माझं दुकान आहे. नदीतले आयु मासे बांबूच्या काडीला टोचून, मीठ चोळून निखाऱ्यावर भाजतो. घळ मंडळाचा चिटणीसही मीच, कारण गावात दुसऱ्या कुणाचं अक्षर धड नाही. दुकानाशेजारून दगडी पायऱ्या खाली नदीला जातात. दोन्ही बाजूंचे कडे एवढे जवळ की तळाला दुपारचं तासभर ऊन पडतं. तिथे एक सपाट, अंगणाएवढा खडक आहे, त्याला आम्ही चटई खडक म्हणतो. फोटो प्रत्येकाला तिथेच काढायचा असतो. आणि वरच्या डोंगरात पाऊस झाला की पाणी पहिल्यांदा तिथेच चढतं, आमच्या डोक्यावर लख्ख ऊन असलं तरी.

त्या खडकावर बावन्न वर्षं शिगेनो होती. आता एकाहत्तरीची आहे. अंगात ढगळ सुती विजार, डोक्याला टॉवेल, पायात अंगठा वेगळा असलेले रबरी बूट. सकाळी पायऱ्यांवरचा पाला झाडायचा आणि दिवसभर नदीकडे बघत बसायचं. पाण्यावर फेस आणि वाळकी पानं आली, पाण्याला मातीचा वास आला, की उठायचं आणि ओरडायचं.

ओरडायचं म्हणजे काय! "ए टोपीवाल्या! कान गहाण ठेवलेस का? हो वर!" "अगं ए भवाने, फोटो काय तुझ्या मरणाच्या एकोणपन्नासाव्या दिवसाला लावायचाय? पळ!" तिचा नवरा लाकूडतोड्या होता, स्वभावानं गरीब. तो म्हणायचा, हिच्या आवाजाला भिऊन रानडुकरं पलीकडच्या खोऱ्यात राहायला गेली. तो गेला तेव्हा अंत्यविधीला आलेल्या भटजीलाही तिनं झापलं होतं, मंत्र भराभर उरकतो म्हणून.

पायऱ्यांच्या सुरुवातीला तिनं एक लाकडी पिंप ठेवलंय. त्यात चाळीस बांबूच्या काठ्या, तिनंच तोडलेल्या, तिनंच तासलेल्या. खाली जाताना एक घ्यायची, वर आलं की पिंपात टाकायची. पाहुण्यांना वाटतं पाय घसरू नये म्हणून. ते आहेच, पण शिगेनोचा हिशेब वेगळा: पिंपात जितक्या काठ्या कमी, तितकी माणसं खाली. काठ्या संपल्या की बाकीच्यांनी रांगेत उभं राहायचं, मग तो मंत्री का असेना. बावन्न वर्षांत रोज संध्याकाळी चाळीसच्या चाळीस काठ्या पिंपात आल्या. एकदाही एकोणचाळीस नाही.

आणि अशा बाईची तक्रार! "दृश्य अप्रतिम, पण तिथल्या म्हातारीनं माझ्या बायकोला 'मेले' म्हटलं." पाचातला एक तारा.

मंडळाची बैठक भरली. आमचे अध्यक्ष किताजिमा-सान, गावातल्या एकुलत्या एक हॉटेलाचे मालक, त्यांनी तक्रार मोठ्यानं वाचली. वाचून झाल्यावर चष्मा पुसला. रागावले नाहीत. त्यांना रागावता येतच नाही, म्हणून तर ते अध्यक्ष.

"शिगेनो-सान, 'मेले' म्हणालात का हो?"

"म्हटलं. मरणारच होती. पाणी तिच्या टाचेला लागलं होतं आणि ती केस सारखे करत होती."

"ते खरंच हो. पण जरा गोड बोलता नाही का येणार?"

"येतं की. बोलले होते एकदा."

ते एकदा म्हणजे काय, हे गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. शिगेनो एकोणीस वर्षांची असताना याच किताजिमांच्या आजोबांच्या खानावळीत कामाला होती. पाहुण्यांशी कसं बोलायचं ते तिथे घोटून घोटून शिकवायचे. एक नवं लग्न झालेलं जोडपं चटई खडकावर बसलं होतं. शिगेनोला पाण्याचा रंग बदललेला दिसला. ती गेली, खडकावर गुडघे टेकले, हात जोडले आणि म्हणाली, "क्षमा असावी. आपल्याला त्रास होणार नसेल तर आपण वर यावं, अशी नम्र विनंती आहे." ती दोघं हसली. म्हणाली, हो हो, पाच मिनिटं बसतो. पाहुण्याला दुसऱ्यांदा सांगायचं नाही, असा खानावळीचा नियम होता. ती वाकून नमस्कार करून मागे सरली. दोघंही तिच्या डोळ्यांदेखत गेली. दुसऱ्या दिवशी तिनं खानावळ सोडली. "ती भाषा मी नदीत टाकली," असं म्हणायची. मला हे सगळं ठाऊक होतं. माझ्या बापानंच तर त्या दोघांना खाली तीन कोसांवरून काढून आणलं होतं.

तरीही आम्ही काय केलं? तिला मानपत्र दिलं! फुलांचा गुच्छ, एक शाल, आणि किताजिमा-सान म्हणाले, "आता आपण आराम करावा. खाली आपण ध्वनिक्षेपक बसवतोय." आणि त्यावरची सूचना लिहायचं काम माझ्याकडे आलं. चिटणीस ना मी! माझं अक्षर बरं ना!

तीन रात्री बसून लिहिली. लाज वाटते, पण मला ती आवडली होती. शहरातल्या एका बाईच्या मधाळ आवाजात ती भरून आणली. मंडळींना ऐकवली तेव्हा दोघांनी टाळ्या वाजवल्या. अशी होती:

"या रमणीय घळीस भेट देण्यासाठी आपण वेळात वेळ काढून आलात, त्याबद्दल मंडळ आपले ऋणी आहे. आपल्या निसर्गानंदात व्यत्यय आणत आहोत, त्याबद्दल अंतःकरणपूर्वक क्षमस्व. नदीच्या वरच्या भागात पाऊस झाला असण्याची शक्यता आहे. आपली गैरसोय होत आहे याची आम्हांस पूर्ण जाणीव आहे. तरी पायाखाली लक्ष ठेवून, सावकाश वर येण्याची कृपा करावी."

दोन्हीकडे घंटानाद धरून एक मिनिट चाळीस सेकंद.

शिगेनोला मुद्दाम बोलावून ऐकवली. मला शाबासकी हवी होती, दुसरं काय! तिनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि म्हणाली, "नोब्या, ही काय लग्नपत्रिका आहे?"

"असं काय करतेस? सगळं आहे ना त्यात?"

"पाणी कुठाय त्यात? आणि मेल्या, 'सावकाश' कशाला घातलंस?"

"घाईत कुणी पडू नये म्हणून."

"पडला तर गुडघा फुटेल. गुडघा फुटलेला माणूस लंगडत घरी जातो. काढ तो शब्द."

मी काढला नाही. पुन्हा आवाज भरायला शहरात कोण जाणार, आणि अध्यक्षांना काय सांगणार? खरं सांगू? 'सावकाश' हा शब्द मला त्या सूचनेत सगळ्यात जास्त आवडला होता.

ऑगस्टमध्ये, पितर घरी येतात त्या सणाच्या आदल्या दिवशी, ऊन मी म्हणत होतं. दुपारी दोनला वरच्या गावातून फोन आला, इथे ढगफुटी झाल्यासारखं कोसळतंय, नदी सुटली. मी दुकानातलं सूचनेचं बटण दाबलं. माझं काम झालं. मी आपला माशांची बाजू उलटायला लागलो. हो, मासे! सांगायचं तर सगळंच सांगतो.

शिगेनो पिंपाशी बसली होती. मानपत्र दिलं तरी काठ्यांवरचा हक्क तिनं सोडला नव्हता. घंटानाद ऐकला तशी ती उठली आणि पिंपात एकदा बघून पायऱ्या उतरायला लागली. "सतरा!" एवढंच म्हणाली. सतरा माणसं खाली होती. मी तिच्यामागे कठड्यापर्यंत धावलो.

वरून मला सगळं दिसत होतं. माणसं उभी होती. पळत नव्हती, उभी होती! सूचना चालू असताना हलायचं नसतं, असं आम्हांला शाळेपासून शिकवलंय. शिगेनो ओरडत उतरत होती, "वर या! मुडद्यांनो, वर या!" पण तिच्या डोक्यावर तो भोंगा होता आणि त्यातली बाई अंतःकरणपूर्वक क्षमा मागत होती. शिगेनोचे नुसते ओठ हलताना दिसत होते. जे तिच्या हाताला लागले, त्यांना तिनं काठीनं ढोसलं, दंडाला धरून ढकललं. ते पळाले.

चटई खडकावर एक म्हातारं जोडपं होतं. हिराओका, निवृत्त शाळामास्तर, आणि त्यांची बायको. बायको पायरीजवळ होती. शिगेनोनं तिचा दंड धरला आणि तिला फरफटत वर ओढलं. मास्तर खडकाच्या मध्यावर होते. त्यांनी टोपी काढून छातीशी धरली होती, मान किंचित झुकवली होती. शिगेनो त्यांच्याकडे बघून किंचाळली. त्यांनी तिच्याकडे पाहिलं आणि हाताचा पंजा वर केला. थांबा, सूचना चालू आहे. वर्गात बडबडणाऱ्या पोराला करतात तसं.

भोंगा बंद करायचं बटणही माझ्या दुकानातच होतं. मला सुचलं नाही.

"सावकाश वर येण्याची कृपा..." इथे पाणी आलं. तपकिरी, ओंडक्यांसकट. ते गेलं तेव्हा खडक दिसत नव्हता आणि भोंगा घंटानाद वाजवत होता.

संध्याकाळी पिंपात एकोणचाळीस काठ्या होत्या.

मंडळानं पत्रक काढलं: सूचना वेळेवर दिली गेली होती. अगदी खरं आहे! दोन वाजून चार मिनिटांनी दिली. एका शब्दाचीही चूक नव्हती. किताजिमा-सान माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "तुमच्याकडून काही राहिलं नाही." त्या वेळी हातात माशांची काडी होती, ती त्यांच्या अंगावर फेकायला हवी होती. मी वाकून "आभारी आहे" म्हणालो.

सात दिवसांनी मिठाईचा डबा घेऊन मी मास्तरांच्या घरी गेलो. फोटोसमोर उदबत्ती लावली आणि चटईवर कपाळ टेकलं. हिराओकाबाईंच्या दंडावर शिगेनोच्या बोटांचे वळ अजून काळेनिळे होते. त्यांनी चहा दिला. म्हणाल्या, "यांना ती सूचना फार आवडली हो. आजकाल इतकं शुद्ध कोण लिहितं, पूर्ण ऐकू या, म्हणाले. कुणी लिहिली हो ती?"

"मी," म्हटलं.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं आता कप फेकून मारतील. देवा, मारा! त्या वाकल्या आणि म्हणाल्या, "शेवटी त्यांच्या कानावर चांगले शब्द पडले."

मी तिथून निघालो तो घरी गेलोच नाही, तडक शिगेनोकडे गेलो. सगळ्या जगात मला शिव्या देईल असं एकच माणूस उरलं होतं. ती ओसरीवर बसून नवी काठी तासत होती, चाळिसावी. त्या दिवशी पायऱ्यांवर फुटलेल्या गुडघ्याला पट्टी होती. मी अंगणात उभा राहून घडाघडा सगळं सांगितलं. बटणाचं, माशांचं, 'सावकाश' मला आवडला होता त्याचं. "बोल मला," म्हटलं. "मेल्या म्हण, मुडद्या म्हण, ती काठी घाल टाळक्यात. बावन्न वर्षं साऱ्या जगाला बोललीस, मला बोल!"

तिनं सुरी खाली ठेवली. दुखरा गुडघा मुडपून नीट बसली, दोन्ही हात जमिनीला टेकवले आणि वाकली. आणि नदीत टाकलेल्या त्या भाषेत, एका बारीक, गोड आवाजात, जो मी जन्मात ऐकला नव्हता, म्हणाली, "नोबुहारू-सान, आपण एवढ्या उन्हातून आलात. दमला असाल. चहा घ्यावा."

मी चहा घेतला. काय करणार?

भोंग्याची तार मी दुसऱ्याच दिवशी कापली. मंडळाला न विचारता. चिटणीसपद सोडलं, दुकान बायकोवर टाकलं. आता चटई खडकावर मी उभा राहतो. आधी आवाजच निघत नव्हता, घशात "क्षमा असावी" अडकायचं. आता निघतो. माझ्या नावानं तीन तक्रारी आल्यात. शिगेनोच्यानं पायऱ्या उतरवत नाहीत, ती वर पिंपाशी बसून काठ्या मोजते.

परवा पाण्याला वास आला आणि एक तरुण खडकावरून हलेना. मी त्याच्या कानाशी जाऊन बोंबललो, "मुडद्या, तुझ्या आईला काय तोंड दाखवू? हो वर!" आणि त्याची मानगूट धरून त्याला वर नेलं. त्यानं शिव्या घालत काठी पिंपात टाकली. शिगेनोनं मोजल्या. चाळीस भरल्या. मी धापा टाकत तिच्यासमोर उभा राहिलो. म्हटलं, आता तरी म्हणेल, नोब्या, मेल्या, एवढा वेळ लागतो का?

तिनं डोक्यावरचा टॉवेल काढून मान लववली. "नोबुहारू-सान," म्हणाली, "आपण फार कष्ट घेता."