कंडक्टरबाईंचा रविवारचा बाजार

कंडक्टरबाई निवृत्त झाल्या तेव्हा लेकीने सुटकेचा निःश्वास टाकला. आता आई दोन घटका बसेल, तिला वाटलं. पण जिच्या पायाखालची जमीन जन्मभर हलत होती, त्या बाईला स्थिर जमिनीवर चैन कसं पडावं? महिनाभरात बाईंनी घरातली सगळी कपाटं उपसून नव्याने लावून टाकली. जावईबापू स्वभावाने गरीब. साखरेचा डबा शोधत ते स्वयंपाकघरात निमूट उभे राहायचे आणि लेक कपाळाला हात लावायची. आईला काहीतरी काम मिळू दे, नाहीतर आपण तरी वेगळं घर बघू, असं ती नवऱ्याला म्हणाली. ते अर्धं गमतीत होतं आणि अर्धं नव्हतं.

काम मात्र आपल्या पायांनी चालत आलं. शहराच्या टोकाला, उंच इमारतींच्या मधोमध बंद पडलेला एक बिस्किटांचा कारखाना होता. त्याच्या आवारात डोंगरापलीकडचे शेतकरी रविवारी सकाळी आपला माल घेऊन बसू लागले होते. नियम एकच, जे आपल्या शेतात पिकलं तेवढंच विकायचं. सुरुवातीला झुंबड उडाली. लोकांनी गाजरांचे फोटो काढले, गाजरांबरोबर स्वतःचेही काढले. पण ते नव्याचे नऊ दिवस. हमरस्त्यावरचं काचेच्या दारांचं दुकान तीच भाजी घरपोच पाठवत होतं, मग उन्हात कोण तडमडणार?

बाई पालकाची जुडी घ्यायला गेल्या तेव्हा टेबलांवरच्या ढिगाऱ्यांमागे माणसं पेंगत होती. टोमॅटोवाली मावशी तेवढी जागी होती, तीही माल आवरत होती. ही उंच, काटक, तोंडाने फटकळ बाई. वयाने कंडक्टरबाईंपेक्षा लहान, पण सगळ्या बाजाराची मावशी. आणखी एखाददुसरा रविवार बघायचा आणि मग इथला गाशा गुंडाळायचा, असं तिने सांगून टाकलं.

रिकामी बस बाईंना कधी बघवली नव्हती. पुढच्या रविवारी त्या सकाळीच फाटकाशी जाऊन उभ्या राहिल्या. नुसतं पाहत राहिल्या. कोण येतं, कोण कुठून परत फिरतं, हे स्टॉपवर पाहायची सवय होतीच. म्हातारी माणसं चढ चढून यायची आणि टेकायला जागा नाही म्हणून तशीच मागे वळायची. लेकुरवाळ्या बायका सगळं आवरून पोचेपर्यंत पालेभाजी मान टाकायची. आणि कितीतरी जण एखाद्या कंदाकडे बघत घुटमळायचे. हे काय, असं विचारायची लाज वाटायची, मग हळूच निघून जायचे.

बाईंनी शाळेच्या मागे लागून अडगळीतले बाक मिळवले आणि भिंतीच्या सावलीत मांडले. निम्मी पालेभाजी ओल्या गोणपाटाखाली राखून ठेवायला लावली. प्रत्येकाने आपला थोडा माल कापून चाखायला ठेवावा, असंही सांगितलं. फुकट खाऊन जातील, अशी कुरकुर झाली. खाऊ द्यात, बाई म्हणाल्या, खाणारा माणूस थांबतो तरी. गर्दी वाढू लागली तसा त्यांचा बसमधला आवाज आपोआप बाहेर पडला, "पुढे सरका, पुढे रिकामं आहे!" लोक हसले, आणि खरोखरच सरकले.

बाकावर पहिल्यांदा कायमचे बसले ते लिंबूकाका. बायको गेल्यापासून एकटे राहायचे. दर रविवारी एक लिंबू घ्यायचे आणि दुपारपर्यंत बाकावरून हलायचे नाहीत. एका लिंबावर अख्खी सकाळ काढतो हा माणूस, मावशी धुसफुसली.

"असू दे," बाई म्हणाल्या. "रिकाम्या बसला लोक विचारतात, ही बंद पडलीय का? आत एक जण बसलेला दिसला ना, की दुसरा चढतो."

तसंच झालं. काकांशेजारी कोणी टेकलं, त्याच्याशेजारी आणखी कोणी. बाकांवर आजारपणं निघाली, लग्नं ठरली, भांडणंही झाली. जाताना प्रत्येकाच्या पिशवीत काही ना काही असायचंच.

मग एका शुक्रवारी डोंगरापलीकडे गारा पडल्या. उभी पिकं आडवी झाली. हा रविवार सोडून देऊ, असं शेतकऱ्यांचं मत पडलं. बाईंनी एकेकाला फोन केला, जे असेल ते घेऊन या म्हणाल्या.

रविवारी सगळ्यांची टेबलं केविलवाणी दिसत होती, आणि मावशीचं मात्र भरगच्च. लालबुंद टोमॅटो, एका मापाचे, एकावरही डाग नाही. बाईंना बघताक्षणी कळलं. कळलं इतरांनाही, कुजबुज सुरू झाली. हा माल ठोक बाजारातला होता.

विनातिकीट माणूस सापडला तरी बाईंनी कधी आरडाओरडा केला नव्हता. चारचौघांत खाली उतरवलेला माणूस पुन्हा त्या बसकडे फिरकत नाही, हे त्यांनी पाहिलेलं होतं. त्या टेबलामागे गेल्या, रिकामा क्रेट उपडा घालून मावशीजवळ बसल्या आणि शेताची विचारपूस केली. मावशी आधी ठीक आहे म्हणाली. मग तिचा आवाज उतरला.

"झाकली मूठ सव्वा लाखाची, बाई. रिकामं टेबल बघून गिऱ्हाईक एकदा तुटलं की तुटलं."

"काल रात्री लिंबूकाकांचा फोन आला होता मला," त्या म्हणाल्या. "गारांनी आपल्या मावशीचं किती नुकसान झालं, विचारत होते. येतीलच आता. त्यांना काय सांगशील?"

मावशीने पदराने तोंड पुसलं. उठली, एकेक क्रेट उचलून स्वतः टेम्पोत नेऊन ठेवला. कोणाला हात लावू दिला नाही. मग टेम्पोच्या कोपऱ्यातून एक करंडी काढली. घरच्यासाठी वेचलेले तिच्या शेतातले टोमॅटो होते ते, गारांच्या वळांचे, कुठे चिरलेले. तेवढेच टेबलावर मांडले आणि मागे खाली मान घालून उभी राहिली.

बाई फाटकाशी गेल्या आणि येईल त्याला सांगू लागल्या, "गारा पडल्यात. माल थोडा आहे आणि मार लागलेला आहे. चव तीच आहे, पण बघून घ्या." बाकीचे शेतकरी एकमेकांकडे बघू लागले. ही बाई आज धंदा बुडवणार! एक जोडपं खरंच गाडीतून न उतरता माघारी गेलं. बराच वेळ आवार सुनं राहिलं. बाई मात्र त्याच खणखणीत आवाजात सांगत राहिल्या.

लिंबूकाका आले. बाकाकडे न जाता थेट मावशीच्या टेबलाशी गेले आणि सगळ्यांत जास्त फुटलेले टोमॅटो वेचून पिशवीत भरू लागले. तुम्हाला कुठे रांधता येतं, मावशीने विचारलं. "शिकेन," काका म्हणाले. त्यांच्यामागून इमारतींतल्या बायका आल्या, शिजवायला काय करायचेत चांगले, म्हणत. भाजी लवकरच संपली, पण माणसं जाईनात. शेतात आता काय काम पडलंय, असं कोणीतरी विचारलं. पुढच्या आठवड्यात काही जण आपापल्या गाड्या घेऊन मावशीच्या शेतात पोचले. मोडलेल्या काठ्या उपसल्या, गुंतलेल्या तारा सोडवल्या. बाईही गेल्या, चिखलात सपशेल आडव्या झाल्या आणि घरी लेकीची बोलणी खाल्ली.

त्या हंगामात बाजाराला जेवढी माणसं आली तेवढी आधी कधी आली नव्हती. मावशीने गाशा गुंडाळायचा विषय पुन्हा काढला नाही. आता दुसऱ्या उपनगरांतून लोक चौकशीला येतात, गर्दी कशी जमवलीत विचारतात. बाई सांगतात, बाक मांडा आणि खरं बोला. ते मान डोलावतात आणि जाहिरात कुठे केली होती, असं पुन्हा विचारतात.

गेल्या वर्षी बाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा फाटकाशी लेक उभी राहिली. एक तासात येते म्हणून गेली आणि दुपार टळल्यावर घरी आली. कोणाच्या सुनेला दिवस गेलेत, मावशीने नवी रोपं कुठून आणली, काकांचं पथ्य काय चाललंय, सगळं तिने आईच्या पलंगाशी बसून सांगितलं. जावईबापू दारात उभे राहून ऐकत होते. शेवटी त्यांनी भीत भीत विचारलं, भाजी कुठंय?

लेकीने पिशवीत डोकावून पाहिलं. भाजी घ्यायचीच राहिली होती. त्या दिवशी घरात अंड्यांवर भागलं.