पलीकडच्या काठावरून

वाल्बुर्गा माझी शेजारीण. मोझेल नदीच्या या काठाला तिचं घर, त्या काठाला तिचा द्राक्षमळा, इतका उभा की खालून बघताना डोक्यावरची टोपी पडावी. बापाने लावलेले सातशे वेल, प्रत्येकाला स्वतःचा खुंट. मार्चमध्ये पावसाने वेलाची काडी ओली झाली की ती गोल वाकवून वाळुंजाच्या फोकाने खुंटाला बांधायची. कोरडी वाकवली तर मोडते. पन्नास वर्षं तिने हे केलं, आणि दुसऱ्याने केलेलं तिला कधी पसंत पडलं नाही.

दोन वर्षांपूर्वी खुब्याचं हाड मोडलं आणि तिचं वर जाणं संपलं. पीळ मात्र मोडला नाही. मळा आता सून बघते, स्वेन्या. स्वेन्याचं म्हणणं साधं होतं: जुने वेल काढायचे, उताराला आडव्या पायऱ्या पाडायच्या, नवे वेल तारेवर चढवायचे, म्हणजे छोटा ट्रॅक्टर फिरेल. पण मळा सासूच्या नावावर, तिच्या सहीशिवाय काही हलणार नाही. सासू म्हणायची, "मी मेल्यावर काय ते कर."

आणि ती दुर्बीण घेऊन स्वयंपाकघराच्या खिडकीशी बसू लागली. हातात फोन.

"चौथी ओळ, सातवा वेल. मोडलीस ना काडी?"

"आई, तुम्ही टीव्ही बघा की जरा."

"टीव्हीवर काय आहे? इथे जास्त करमणूक होते."

गावाला हसायला विषय मिळाला. मीही हसले.

गेल्या मार्चमध्ये मी तिच्याकडे कॉफीला गेले होते. बोलता बोलता ती थांबली. पलीकडे स्वेन्याचा पाय सुटला होता. पाच-सहा खुंट खाली घसरून ती एकाला अडकली. उठली, गुडघे झटकले, आणि आधी आमच्या खिडकीकडे बघितलं.

वाल्बुर्गाने दुर्बीण खाली ठेवली. फोन केला नाही.

"मीही अशीच बघायचे," ती म्हणाली, "बाबांनी पाहिलं की काय म्हणून."

स्वेन्या चिखल धुऊनच घरात आली. वाल्बुर्गाने तिच्यासमोर कॉफी ठेवली.

"तो पायऱ्यांचा कागद आण. सही करते."

"नक्की, आई? आजोबांचे वेल आहेत."

"कोणाचे आहेत ते मला सांगू नकोस. आण."

नोव्हेंबरमध्ये जुने वेल उपटायला यंत्र आलं. ती दिवसभर खिडकीशी बसली, जेवली नाही. रडत होती, आणि ते लपवतही नव्हती. चार वाजता यंत्र थांबलं, तेव्हा तिने फोन उचलला.

"उजव्या कडेला एक राहिलाय," ती सुनेला म्हणाली. "तोही काढ."