तिने सांगितलेला शेवट

माझी बायको उर्दू वाचायची. तिचे वडील निजामाच्या काळात उर्दू शाळेत शिकले होते, आणि त्यांनी घरीच मुलीला ती लिपी शिकवली. मला ती येत नाही. त्यामुळे आमच्यात एक रीत पडली होती. संध्याकाळी गॅलरीत बसून ती उर्दू पुस्तक उघडायची आणि मला मराठीत सांगत जायची.

युद्धावरच्या दोन जुन्या परदेशी कादंबऱ्यांवरून आमचा वाद वर्षानुवर्षे चालला. एक मी मराठी अनुवादात वाचलेली. तिच्यातला कोवळा मुलगा पुलावर पहारा देतो, उपाशी राहतो, आणि घरी परततो तेव्हा आईच्या हातचं जेवणही त्याला परकं लागतं. दुसरी तिची, उर्दू अनुवादातली. तिच्यात बंदूक कुठेच दिसत नाही. आघाडीवर गेलेल्या भावाची वाट बघत मोठी होणारी एक मुलगी आहे. शेवटी कडाक्याची थंडी पडते, तेव्हा ती भावाच्या कोटाच्या बाह्या कापून तो आपल्या मापाचा करते. मग भाऊ येतो, कोट बघून रागावतो, आणि दोघं हसत जेवायला बसतात.

“तुझा लेखक घाबरला,” मी म्हणायचो. “युद्धावरून आलेला माणूस कोटावरून भांडेल?”

“अहो, घरी आलेली माणसं भांडतातच,” म्हणत ती चहा ओतायची.

आमच्या वाचक गटात या दोन कादंबऱ्यांवर दोघांनी मिळून बोलायचं ठरलं होतं. त्याआधीच ती गेली. राहू द्या, असं गटातले म्हणाले. पण मला बोलायचं होतं. तिची बाजू तिच्यासारखी मांडता येईल का, एवढीच धास्ती होती.

तिची एक मैत्रीण भेटायला आली. वैजापूरच्या शाळेत दोघी बरोबर शिकवायच्या, ही उर्दू शिकवायची. मी पुस्तक तिच्या हाती दिलं आणि म्हटलं, शेवटचं पान वाचून दाखवा, भाऊ कोटावरून नेमकं काय बोलतो ते हवंय.

तिने चष्मा लावला, वाचलं, एक पान मागे गेली, पुन्हा पुढे आली.

“भाईसाब, भाई तो वापस आताच नहीं.”

“म्हणजे?”

“लडकी कोट काटती है, पहन के बाहर निकलती है. बस.”

“पुढची पानं गळाली असतील.”

“इथं खाली ‘तमाम शुद’ छापलंय, म्हणजे समाप्त. आयुष्यभर हेच शिकवलं मी, भाईसाब.”

ती गेल्यावर मी दोन्ही पुस्तकं समोर ठेवून बसलो. माझा सगळा हिशेब उलटला होता. माझ्या लेखकाने निदान मुलाला घरी तरी आणलं. तिच्या लेखकाने कोणालाच आणलं नाही. त्या मुलीने वाट बघणं सोडलं, हे त्याने एका कात्रीने सांगितलं. मऊ कादंबरी माझी होती. मग तिने ती तशी का सांगितली?

आमचा मुलगा फौजेत आहे. ते पुस्तक तिने वाचलं तेव्हा तो पहिल्यांदाच सीमेवर गेला होता. मी त्याला फोन केला.

“त्या कोटाच्या गोष्टीचा शेवट आईनं तुला कसा सांगितला होता?”

“भाऊ येत नाही, असाच. बाबांना सांगू नको, म्हणाली. ते जेवायचे नाहीत.”

“आणि ती जेवत होती का?”

“ते तुम्हालाच माहीत, बाबा. मी कुठं होतो तिथं?”

मला आठवेना. माझ्या ताटात काय होतं ते आठवलं, तिच्या ताटातलं नाही.

गटाला मी कळवलं की यातली एक कादंबरी मी वाचली आहे, दुसरी अजून नाही, थोडं थांबा. आता तिची मैत्रीण दर गुरुवारी येते आणि मला अक्षरं लावायला शिकवते. मी बोट ठेवत उजवीकडून डावीकडे जातो, अडलो की ती सांगते. पहिलं प्रकरण नुकतंच संपलं. त्यात मुलगी भावाला निरोप द्यायला स्टेशनवर जाते, गाडी सुटते, आणि ती घरी येऊन भांडी घासायला बसते. रडत नाही. मी ती ओळ पुन्हा वाचून घेतली.

बायकोने सांगताना तिला रडवलं होतं, चांगलं पानभर.