प्रेताने माफ केलं तेव्हा

पाणीपुरवठ्याच्या कचेरीत तक्रारीच्या खिडकीमागे बसण्यात माझी अर्धी हयात गेली. हुद्दा तक्रार निवारणाचा. त्यातलं निवारण वरच्या मजल्यावर होतं, किंवा होत नाही; माझ्या वाट्याला नुसती तक्रार. पाइप फुटला, नळ आटला, भलत्याच घराचं पाणी तोडलं गेलं, की लोक येऊन माझ्यावर तोंडसुख घेतात आणि मी म्हणतो, "माफ करा, चूक झाली." कुणाची, ते विचारायची माझ्यात कधी धमक नव्हती.

सवय घरापर्यंत आली. भाजी बायकोच्या हातून करपते आणि दिलगिरी मी व्यक्त करतो. एकदा दाराच्या कडीला माझं कोपर लागलं, तर मी कडीला सॉरी म्हणालो. मुलीने ते पाहिलं आणि शाळेत वडिलांवरच्या निबंधात लिहिलं. बाईंनी शेरा मारला, 'कल्पनाशक्ती चांगली आहे.'

गेल्या वर्षी आमच्या कचेरीत सिनेमावाल्यांनी चित्रीकरणाची परवानगी काढली. खुनाचा सिनेमा होता. तळघरातल्या आमच्या सामानाच्या खोलीला पांढऱ्या फरशा आहेत, ती त्यांना शवागार म्हणून पसंत पडली. सुट्टीच्या दिवशी किल्ल्या घेऊन कोणी यायचं असं विचारल्यावर सगळी कचेरी माझ्याकडे बघू लागली. मी गेलो.

तिथे प्रेत होणाऱ्या माणसाला सर्दी झालेली. चादर ओढली की धुळीने शिंकायचा. दिग्दर्शिका बाई वैतागून इकडेतिकडे बघत होत्या, त्यांची नजर माझ्यावर थांबली.

"काका, जरा टेबलावर झोपता का?"

"मी? मला अभिनय येत नाही हो."

"नकोच आहे. मरायचंय फक्त."

मी बायकोला फोन केला. "मला सिनेमात काम मिळालंय."

"कसलं?"

"प्रेताचं."

"बोलायचं नाहीये ना काही? मग जमेल तुम्हाला."

रंगभूषा करणाऱ्या मुलीने माझा चेहरा उजेडात धरून पाहिला आणि म्हणाली, "फारसं काही करावं लागणार नाही."

गोष्ट अशी होती. एक कारखानदार आपल्या भागीदाराचा खून करतो. पोलीस त्याच्या ड्रायव्हरला पकडतात. म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी. भागीदाराचं प्रेत शवागारात असतं, तिथे कारखानदार एकटाच येतो, चादर बाजूला करतो आणि त्याचं मन त्याला खायला लागतं. भागीदार मी. कारखानदाराचं काम करणारा नट चांगला नावाजलेला, आवाज असा की फरशासुद्धा ऐकत असाव्यात.

मी डोळे मिटले, श्वास रोखला. चादर सरकली. माझ्या कपाळावर त्याचा गरम हात आला.

"माझं चुकलं रे," तो म्हणाला. "तुझी काहीच चूक नव्हती. मी तुझं कधी ऐकूनच घेतलं नाही."

आता काय सांगू? इतकी वर्षं मी जगाची माफी मागत आलो. माझी माफी कुणी मागितल्याचं मला आठवेना. पहिल्यांदाच कुणीतरी मागत होतं, आणि नेमका मी मेलेलो होतो! मिटल्या डोळ्यांतून पाणी निघालं आणि कानात उतरलं.

"कट!" बाई ओरडल्या. "प्रेत रडतंय!"

माझे डोळे पुसले, पावडर लावली, पुन्हा सुरुवात झाली. या वेळी मी दात घट्ट आवळून पडलो. नट पुन्हा म्हणाला, "माझं चुकलं रे." आणि माझ्या तोंडून, अगदी आपोआप, बाहेर पडलं, "असू द्या हो."

खोलीत हसण्याचा स्फोट झाला. बाईंनी कपाळाला हात लावला. "काका, प्रेतानेच खुन्याला माफ केलं, तर पुढे अर्धा तास कोर्ट कशाला दाखवू मी?"

"माफ करा," मी टेबलावर उठून बसत म्हणालो, "चूक झाली."

हसला नाही तो एकटा नट. माझ्या बाजूला टेकून त्याने हळूच विचारलं, "काय झालं?"

"तुम्ही माझी माफी मागितलीत," मी म्हणालो. "सवय नाही."

त्याने माझ्या खांद्यावर चादर नीट केली. शेवटी बाईंनी तोड काढली. माझं तोंड झाकून टाकलं आणि कॅमेरा पायांकडे नेला.

सिनेमा लागला तेव्हा बायको, मुलगी आणि सासूबाई अशी सगळी वरात घेऊन गेलो. पडद्यावर माझे दोन तळवे आले, घराच्या भिंतीएवढे. "अहो, टाचेच्या भेगा!" बायको कुजबुजली. "मलम आणून ठेवलंय, लावाल तर शपथ." पुढच्या रांगेत लोक डोळे टिपत होते. शेवटी कारखानदाराने भर कोर्टात गुन्हा कबूल केला, ड्रायव्हर सुटला, दिवे लागले.

घरी चालत येताना मी म्हणालो, "त्या ड्रायव्हरची माफी कुणीच मागितली नाही."

"सुटला ना तो? मग झालं तर."

"तेवढ्याने होत नाही."

"तुम्हाला काय कळणार? तुम्ही तर आधीच मेलेले."

पण तो ड्रायव्हर काही माझ्या डोक्यातून जाईना. त्याच आठवड्यात कपडे धुऊन इस्त्री करून देणारी एक बाई खिडकीशी आली. वरच्या साहेबांनी चुकीच्या घरनंबरावर सही केली होती आणि तिचं पाणी तोडलं गेलं होतं. आधीही ती येऊन गेली होती आणि दर वेळी मी माफी मागून तिला वाटेला लावलं होतं. या वेळीही मी तोंड उघडलं, तेवढ्यात तीच म्हणाली, "तुम्ही तोडलंत का पाणी?"

"नाही."

"मग तुम्ही कशाला माफी मागता? ज्याने तोडलं त्याला बोलवा."

इतका सरळ प्रश्न मला कुणी विचारलाच नव्हता. मी जिना चढलो. टाचेच्या भेगा चपलेत टोचत होत्या. पडद्यावर तेच पाय किती भारदस्त दिसले होते.

"चूक झाली म्हणून सांगून टाका," साहेब मान वर न करता म्हणाले.

"सांगितलं, साहेब. पण ती माझी नव्हती." माझा आवाज बारीक, उंदरासारखा निघाला. "एकदा तुम्हीच खाली येऊन म्हणता का?"

कपाटच बोलायला लागलंय अशा नजरेने ते माझ्याकडे बघत राहिले. मग, का कोण जाणे, उठले.

"कार्यालयाला खेद वाटतो," खाली येऊन ते म्हणाले.

"कार्यालयाचं राहू द्या. तुम्हाला?" बाईने विचारलं.

साहेबांचे कान लाल झाले. "माझं... चुकलं."

"बरं," ती म्हणाली. "आता पाणी कधी येणार?"

साहेबांनी फिटरला हाक मारली आणि, माझा विश्वास बसेना, त्याच्या स्कूटरवर मागे बसून स्वतः गेले. दुपारी तिच्या नळाला पाणी आलं. गढूळ आलं. ते सांगायला ती परत आली, पण माझ्या खिडकीकडे तिने ढुंकूनही पाहिलं नाही. थेट जिन्याकडे गेली.