फुग्याच्या बाह्या

कळंबजवळच्या रिसॉर्टच्या भिंतीवर परवा बिअरचं जुनं कॅलेंडर फ्रेम करून लावलेलं दिसलं. फेसाळती बाटली, आणि शेजारी फुग्याच्या बाह्यांचा ड्रेस घातलेली बाई.

हेच कॅलेंडर पस्तीसेक वर्षांपूर्वी कशेळ्याला आमच्या शिंप्याकडे होतं. बायका त्यातली फॅशन दाखवून कपडे शिवायला टाकत, म्हणून त्यानं बाटलीवर अस्तराचा तुकडा चिकटवला होता. दुकानात खडूचा आणि कोळशाच्या इस्त्रीचा वास असायचा. कॉलेजात जाणाऱ्या माझ्या ताईनं तशाच बाह्या शिवून घेतल्या आणि घरी येऊन आरशासमोर गिरकी घेतली.

"कशी दिसतेय रं?"

मी दहावीत होतो. त्या दिवाळीला मला बॅगी पँट मिळाली नव्हती. मी तडक शेतावर गेलो आणि बाबांना सांगितलं, "ताईनं दारूच्या जाहिरातीतल्या बाईचे कपडे शिवलेत."

बाबांनी ताईचं कॉलेज बंद केलं. मे महिन्यात तिचं लग्न उरकलं.

परवा ताई माझ्या शेजारीच उभी होती. कॅलेंडर बघून म्हणाली, "तो मेला शिंपी! त्यानंच बाबांचे कान भरले."

इतकी वर्षं यावर मी नुसता हुंकार देत आलो होतो.

"त्यानं नाय, ताई. मी सांगितलं होतं."

तिनं काचेवरून त्या बाईच्या बाहीवर बोट फिरवलं.

"माझ्या हळदीला तो शिंपी दारात उभा राहून, मी नाय सांगितलं म्हणून शपथा घेत होता रं," ती म्हणाली. "मी त्याला साधं पाणीपण विचारलं नाय."